इस्त्री निशाणीचे उमेदवार

मत मागायला दारात यावं आणि मत का देऊ नये हेच समजावून जावं, असा उमेदवार विधानसभेला आजवर एकच उभा राहिला असेल, आणि तो आमच्या खांदा कॉलनीत, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहतो. पोस्टातून रिटायर झाल्यावर माणसं गुडघे सांभाळत बसतात. ह्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. अर्जाला दहा सूचक लागतात, त्यात सहावी सही माझी. तेव्हापासून सगळी बिल्डिंग त्यांना आमदार म्हणते. 'माझ्यापेक्षा बरा कोणी दिसला तर खुशाल त्याला द्या,' असं ते घरोघर सांगत सुटले, आणि लोकांनी त्यांचा शब्द मोडला नाही. निशाणी मिळाली इस्त्री. त्यांच्या शर्टाची आणि इस्त्रीची कधी गाठ पडल्याचं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

जाहीरनामा त्यांनी स्वतःच लिहिला आणि मग स्वतःच खोडला. 'चोवीस तास पाणी' लिहिलं, आवारातल्या टाकीपाशी जाऊन दहा मिनिटं उभे राहिले आणि परत येऊन त्यावर काट मारली. 'खड्डेमुक्त रस्ते' रिक्षाने स्टेशनपर्यंत जाऊन येताच गेलं. आपल्या हातून होणार नाही ते कागदावर कशाला, असा त्यांचा सवाल. शेवटी पत्रक छापून आलं तेव्हा त्यावर फोटो, पत्ता, फोन नंबर आणि 'भेटायला येईन' एवढं एकच आश्वासन उरलं होतं.

ते मात्र त्यांनी इमानेइतबारे पाळलं. आपटा गावात अर्धा दिवस दारोदार हिंडून झाल्यावर पारावरच्या एकाने सांगितलं की काका, आमच्या गावाचं मत तुमच्याकडे नाही, दुसऱ्या मतदारसंघात पडतं. दुसरा कोणी कपाळाला हात लावून परतला असता. ह्यांनी उरलेली घरंसुद्धा पुरी केली. निम्म्या गावाला भेटून निम्म्याला टाळणं बरं दिसत नाही म्हणे. ह्या फेरीवरून मी त्यांची यथेच्छ टर उडवली. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

कारण प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, माझे वडील हरवले. बाबा शाळामास्तर होते. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, आणि कधी कधी मीही आठवत नाही. मी औषधं आणायला गेले, तेवढ्यात ते दार उघडं टाकून बाहेर पडले. मी रडत खाली आले तेव्हा आमदार रिक्षाला भोंगा बांधून निघायच्या बेतात होते. संध्याकाळी सहाला प्रचार बंद होणार, म्हणजे हातात उणेपुरे चार तास. त्यांनी मला रिक्षात बसवलं, भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला आणि माईक हातात घेतला. पुढचे चार तास अख्ख्या नवीन पनवेलने एकच घोषणा ऐकली: पांढरे केस, निळा शर्ट, गुरुजी म्हणून हाक मारा, ओ देतील. स्वतःचं नाव एकदाही नाही. एका चौकात निवडणुकीच्या पथकाने रिक्षा अडवली आणि हे गुरुजी कोणत्या पक्षाचे म्हणून विचारलं.

"हरवलेत," आमदार म्हणाले. "पक्ष नंतर बघू."

सहाला दहा मिनिटं असताना त्यांचा फोन वाजला. पलीकडे आपट्याची एक बाई होती. "तुमी मतं मागायला आलेले ना आमच्याकडं? तुमच्या कॉलनीतले एक गुरुजी हायत इथं. शाळेच्या पायरीवर बसलेत. शाळा सुटल्याशिवाय उठनार नाय म्हनतात."

बाबांची पहिली नोकरी त्याच शाळेतली. एसटी पकडून ते कामावर हजर झाले होते. घर कुठे विचारलं तर 'खांदा कॉलनी' एवढंच सांगत होते, आणि खांदा कॉलनीचा पत्ता असलेला कागद त्या बाईच्या घरात एकच होता, नको त्या गावात वाटलेला. त्या पत्रकाच्या मी पाया पडायला तयार होते.

उरलेल्या पाच मिनिटांत तरी स्वतःसाठी मत मागा, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी माईक उचलला. "गुरुजी सापडले. शोधणाऱ्या सगळ्यांचे आभार." मग सहा वाजले. त्यांनी भोंगा उतरवला आणि रिक्षा आपट्याकडे वळवायला सांगितली.

ते पडले, हे वेगळं सांगायला नको. बाबा आज घरात, आपल्या खुर्चीत बसलेले आहेत ते ह्या पडलेल्या माणसामुळे, हे मी रोज मनात म्हणते. तोंडावर म्हणायला गेले की ते विषय पाण्याच्या टाकीवर नेतात.

दर रविवारी ते वर येतात. बाबा त्यांना ओळखत नाहीत. मग ते पहिल्यांदाच दारात आल्यासारखे हात जोडून, मी उमेदवार, असं सांगतात. बाबा निशाणी विचारतात, इस्त्री म्हटल्यावर त्यांच्या शर्टाकडे बघून मनापासून हसतात आणि मग वर्गातल्या आवाजात विचारतात, "निवडून आलात तर काय कराल?"

"भेटायला येईन, गुरुजी."

बाबा मान डोलावतात आणि मत तुम्हालाच म्हणून शब्द देतात. पुढच्या निवडणुकीला बाबा असतील की नाही, कोण जाणे. मी चहा ठेवायला आत जाते. पडून इतके दिवस झाले, पण तेवढं एक आश्वासन त्यांनी अजून खोडलेलं नाही.