वरचे वस्त्र लाल

रेजिना शहरातले ते चर्च बाहेरून लहान दिसते. लाकडी भिंती, वर पत्र्याचा घुमट. युक्रेनहून गहू पिकवायला आलेल्या लोकांनी ते बांधले. वसईच्या ज्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला तिथे आत शिरताच नजर सरळ पुढे, वेदीकडे जाते. इथे ती वर जाते. घुमटाच्या आतल्या अंगाला ख्रिस्ताचा चेहरा आहे. खाली कुठेही बसले तरी तो आपल्याकडेच पाहतो. वेदी दिसत नाही. वेदी आणि माणसे यांच्यामध्ये चित्रांची एक भिंत असते. बायझंटाइन पद्धत अशीच आहे आणि कित्येक शतकांत तिच्यात फारसा बदल झालेला नाही.

या चित्रभिंतीच्या मधोमध दार असते. दाराच्या उजवीकडे ख्रिस्त, डावीकडे मारियामाता. बाकीच्या संतांच्या जागा चर्चप्रमाणे बदलतात, या दोन बदलत नाहीत. त्या वर्षी रेजिनातल्या भिंतीत डावीकडे प्लायवूडचा तुकडा होता. आदल्या हिवाळ्यात पाण्याचा पाइप फुटला, फळी फुगली आणि मारियामातेचा रंग पापुद्र्यांनी निघून आला.

चर्च बंद करायचे शरद ऋतूत ठरले. रविवारी येणारी माणसे फारच थोडी उरली होती. शेवटची उपासना हिवाळा संपता संपता व्हायची होती. त्या दिवशी भिंत पूर्ण असावी, एवढी एकच मागणी त्या थोड्या माणसांनी केली. नवी फळी रंगवायचे काम माझ्याकडे आले.

ते माझ्याकडे येण्याचे कारण साधे होते. चर्चच्या तळघरात दर शनिवारी आयकॉन, म्हणजे भिंतीवरची ही पूजेची चित्रे, रंगवण्याचा वर्ग चाले. त्यात शेवटी दोनच विद्यार्थी राहिले, एक निवृत्त दंतवैद्य आणि दुसरा मी. दंतवैद्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.

मी तिथे पहिल्यांदा गेलो ते बायको गेल्यानंतरच्या जानेवारीत. मुंबईत एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काही वर्षे आणि इथे सरकारी कचेरीत उरलेली, अशी नोकरी संपली होती. मुलगा कॅल्गरीला. घरात दिवसभर घर तापवणारी फर्नेस सुरू-बंद होण्याचा आवाज तेवढा असे. वर्गाची पाटी ग्रोसरीच्या दुकानात लावलेली होती. तळघर उबदार असेल, एवढाच विचार मी केला.

शिकवणाऱ्या बाई परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांचे आजोबा या चर्चच्या बांधकामावर होते. वर्गात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत, पण मनात मी त्यांना बाईच म्हणत असे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "तुम्ही ख्रिश्चन?"

"कॅथलिक," मी म्हणालो.

"चालेल," दंतवैद्य कोपऱ्यातून म्हणाला. "दात सगळ्यांचे सारखेच किडतात."

मी वर्तमानपत्रात होतो हे कळल्यावर तो मला एडिटर म्हणू लागला. मी संपादक नव्हतो, उपसंपादक होतो. त्याला फरक पडत नव्हता.

या कामात उतावळेपणा चालत नाही. फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर खडू आणि सरस यांचे थर द्यायचे, ते घासून गुळगुळीत करायचे. मग रेखाटन. मग जिथे सोने लागणार तिथे तांबड्या मातीचा लेप. सोन्याचा वर्ख या मातीवर बसतो तो श्वासाने. तोंड जवळ नेऊन, घशातून, आरशावर सोडतो तसा ऊबदार श्वास मातीवर सोडायचा. ती क्षणभर ओलसर होते, तेवढ्यात वर्ख टेकवायचा. प्रेअरीच्या या मैदानी मुलखातल्या कोरड्या हिवाळ्यात ती ओल लगेच उडून जाते. माझा वर्ख पहिल्यांदा सुरकुतला तेव्हा दंतवैद्य म्हणाला, "एडिटर, श्वास सोडा. बातमी नका वाचून दाखवू."

सोन्यानंतर रंग. अंड्याच्या पिवळ्या बलकात रंगाची पूड कालवतात. आधी गडद, मग त्यावर फिका, त्याहून फिका. उजेड बाहेरून पडत नाही, आतून वर येतो, म्हणून सावली काढत नाहीत. चेहरा सर्वांत शेवटी. प्रत्येक आकृतीशेजारी तिचे नाव लिहायचे, चित्रकाराचे लिहायचे नाही. चित्राची ओळ असावी आणि करणाऱ्याच्या नावाची बायलाइन नसावी, हा नियम मला ओळखीचा होता.

चर्च बंद करायचे ठरल्यावर खर्च वाचवण्यासाठी तळघराचे हीटिंग बंद करण्यात आले. शनिवार थांबले. बाईंनी नवी फळी माझ्या गाडीत ठेवली, वर ट्रेसिंग पेपरवरचे रेखाटन गुंडाळून दिले.

"रेषा सोडून जाऊ नका," त्या म्हणाल्या. "रंग तुम्हाला सांगायला नकोत. मारियामाता तुम्हाला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

फळी साधारण दाराच्या निम्म्या उंचीची होती. ती मी बेसमेंटमध्ये, धुलाईच्या यंत्राशेजारी उभी केली. हवेत ओल राहावी म्हणून किटली उकळत ठेवत असे. सकाळी खाली उतरून मातीवर श्वास सोडला की लक्षात येई, तोंडाने केलेले ते दिवसातले पहिले काम होते. काही वेळा ते शेवटचेही ठरे.

मुलगा रविवारी फोन करी.

"डॅडी, बेसमेंटमध्ये पेंटिंग? व्हेंटिलेशन चेक केलं का?"

"अंड्याचा रंग आहे."

"एग? सीरियसली?"

"बलक फक्त."

"ओके. अँड यू आर ईटिंग द व्हाइट्स, राइट? प्रोटीन आहे ते."

मी हो म्हणालो. पांढरे मी खरोखरच खात होतो, बहुतेक दिवस तेच जेवण होते.

वस्त्रांचा रंग ठरवताना मला विचार करावा लागला नाही. आमच्या घरी आल्तरवर, प्रार्थनेच्या छोट्या वेदीवर, मारियामातेची एक मूर्ती आहे. बायकोने ती तिच्या आईच्या घरून, स्वेटरमध्ये गुंडाळून, हातातल्या पिशवीतून आणली होती. आत पांढरा झगा, वरून डोक्यापासून पायापर्यंत निळे वस्त्र. वसईत रस्त्याकडेच्या प्रत्येक घुमटीत, प्रत्येक घरात, कॅलेंडरवर, शाळेच्या दारावर तीच निळी मारियामाता असते. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका लाल चौकड्यांची लुगडी नेसत, पण मारियामातेला लाल रंगात कोणी पाहिले नव्हते.

मूर्ती खाली आणून यंत्रावर ठेवली आणि तो निळा जुळवायला लागलो. बाजारात मिळणारा निळा फार चकचकीत निघाला. त्यात थोडी काजळी, थोडा हिरवा, थोडा पांढरा घातला. मूर्तीचा रंग खांद्यावर उडालेला होता, कारण बायको तिला धरून पुसायची ती तिथे. तो उडालेला निळा मला हवा होता. जुळायला कितीतरी आठवडे गेले. आतले वस्त्र मी फिकट राखाडी निळ्यात केले, पांढरे सोन्यापुढे टिकले नसते म्हणून. चेहरा शेवटी, रेखाटनाप्रमाणे केला. तो कोणासारखाही दिसत नव्हता. आयकॉनमध्ये तसाच दिसायला हवा.

शेवटच्या उपासनेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, फळी ब्लँकेटमध्ये गुंडाळून चर्चला नेली. स्वयंपाकघर तेवढे तापवलेले होते. दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी गावातल्या बायका आदल्या रात्री बटाट्याचे सारण भरलेली, करंजीसारखी कडा दाबलेली पक्वान्ने करून गेल्या होत्या. ती टेबलावर पिठाच्या थरात मांडलेली होती. बाईंनी एक बाजू मोकळी केली. मी ब्लँकेट काढले.

 दंतवैद्याने फळीला नाक लावून पाहिले.

"चेहरा चांगला आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "एडिटर, हिचे कपडे उलटे झालेत."

"म्हणजे?"

बाईंनी मला हाताला धरून आत नेले आणि चित्रभिंतीच्या वरून दिसणाऱ्या, वेदीमागच्या उंच भिंतीकडे बोट केले. तिथे हात पसरून उभी असलेली मारियामाता आहे. तिच्याखालच्या तळघरात मी दोन हिवाळे काढले होते. तिचे वस्त्र तपकिरी आहे असे मी धरून चाललो होतो. ते मेणबत्त्यांच्या काजळीने काळवंडलेले लाल होते, गडद, द्राक्षाच्या वाइनसारखे. आतले, मनगटापाशी डोकावणारे, निळे.

"आत निळं," बाई म्हणाल्या. "ते तिचं स्वतःचं, माणसाचं. वर लाल, ते तिला मिळालेलं. ख्रिस्ताचं उलट असतं. आत लाल, वर निळं. पहा ना, शेजारीच आहे."

ख्रिस्त खरोखरच शेजारी, चित्रभिंतीतल्या दारापलीकडे होता. डेस्कवर असताना मी मंत्र्याचे खातेही पुन्हा पडताळल्याशिवाय पान सोडत नसे.

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणालो.

"मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, मारियामाता सगळीकडे सारखीच असेल."

आम्ही स्वयंपाकघरात परत आलो. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. फळी अशीच घरी न्यावी, चित्र चांगले आहे, पण ते या भिंतीत लागणार नाही आणि प्लायवूड राहील. किंवा आज दिवसभर बसून वरच्या वस्त्रावर लाल चढवावा. पातळ थर दिले तर संध्याकाळपर्यंत होईल.

"निळ्यावर लाल बसतो," त्या म्हणाल्या. "उलट जांभळट येईल, ते बरंच. पण निळं पुन्हा मिळणार नाही. खरवडून काढता येत नाही."

तो निळा कुठून आला हे त्यांना माहीत नव्हते. सांगितले असते तर त्यांनी प्लायवूड राहू दिले असते, याची मला खात्री होती. म्हणून सांगितले नाही. त्या भिंतीपुढे ज्यांची लग्ने झाली, ज्यांच्या माणसांच्या शवपेट्या ठेवल्या गेल्या, त्यांची ती मागणी होती. माझी मारियामाता घरी नेली असती तर ती धुलाईच्या यंत्राशेजारीच उभी राहिली असती.

"लाल करू," मी म्हणालो.

बाईंनी अंडे फोडले, बलक एका हातातून दुसऱ्या हातात घेत कोरडा केला. दंतवैद्य रंगाची पूड काचेवर घोटत बसला. ब्रश बाईंनी माझ्या हातात दिला.

"तुम्ही द्या ना," मी म्हणालो.

"नाही. चूक आपली आपण झाकायची."

"चर्चचं ब्रीदवाक्य," दंतवैद्य म्हणाला.

पहिला थर खांद्यावर दिला. निळा लगेच गेला नाही. खालून दिसत राहिला, मग जांभळा झाला, मग दुपारनंतर कधीतरी मला तो शोधावा लागला. त्यानंतर दिसला नाही.  बाई म्हणाल्या की चर्च बंद झाल्यावर त्या मुलीकडे कॅल्गरीला जातील. दंतवैद्य म्हणाला की वसंतात डोळ्याचे ऑपरेशन आहे, पण मग पाहायचे काय, हा प्रश्न आहे. माझ्या बेसमेंटमध्ये शनिवारी बसता येईल, असे मी म्हणणार होतो. तोवर त्याने कोट चढवला होता.

फळी संध्याकाळी भिंतीत बसवली. वार्निश द्यायला वेळ नव्हता. अंड्याचा रंग हाताला कोरडा लागतो, पण पक्का व्हायला त्याला महिने लागतात.

रविवारी चर्च भरले. वर्षानुवर्षे न आलेली माणसे दूरच्या गावांतून आली होती. मी मागच्या भिंतीशी उभा राहिलो. उपासनेनंतर सगळे रांगेने भिंतीकडे गेले आणि एकेका आयकॉनच्या हाताचे चुंबन घेऊ लागले. चेहऱ्याचे घेत नाहीत. नव्या फळीपुढे कोणी थबकले नाही. ती नवी आहे हे कोणाच्या ध्यानात आल्याचे दिसले नाही. उपसंपादकाचे काम नीट झाले की असेच होते.

रांगेच्या शेवटी एक फार म्हातारी बाई होती, पाठीतून वाकलेली. मारियामातेच्या हातापर्यंत तिचे तोंड पोहोचेना. तिने फळीच्या कडा धरल्या आणि वस्त्राच्या खालच्या टोकावर ओठ टेकवले. बराच वेळ टेकवून ठेवले. ती वळली तेव्हा तिचे ओठ लाल झाले होते.

"आजी लिपस्टिक लावून निघाल्या," दंतवैद्य माझ्या कानाशी म्हणाला.

बाई पुढे झाल्या आणि तिच्या कानात काहीतरी बोलल्या. म्हातारीने ओठांना बोट लावून पाहिले. पर्समधून रुमाल काढला, ओठ पुसले, रुमालाची लाल बाजू आत राहील अशी घडी घातली आणि तो पुन्हा पर्समध्ये ठेवला.

वस्त्राच्या टोकाला, नखाएवढ्या जागेत, निळा दिसत होता.

"दुरुस्त करू?" मी बाईंना विचारले. ब्रश गाडीत होते.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले. "नाही," त्या म्हणाल्या. "आता ते तिचं आहे."

म्हातारीला गाडीपर्यंत न्यायला कोणीतरी हवे होते, पायऱ्यांवर बर्फ होता. मी हात दिला. तिने तो घट्ट धरला. खाली पोहोचल्यावर तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी त्या चर्चच्या मागे पुरलेले होते, आणि मी त्यांच्यातला दिसत नव्हतो.

"तुमचं कोण आहे इथे?" तिने विचारले.

मी म्हणालो, कोणी नाही. ती ऐकत होती की नाही कळले नाही. तिचा नातू गाडीचे दार धरून उभा होता. तिने माझा हात सोडला, आत बसली, आणि गाडी वळून रस्त्याला लागली.

त्या आठवड्यात चित्रभिंत सुटी करून दुसऱ्या एका गावच्या चर्चला पाठवली गेली. ती तिथे कशी लावली आहे, मी पाहिलेले नाही.