गच्चीवर आखलेली बोट

मार्चपासून मी एकच यादी सांभाळत होतो. पासपोर्टच्या प्रती, फोटो, विम्याचे कागद, व्हिसासाठी पुण्यात हजर राहायची वेळ. जाणारी माणसं पाच: माझी थोरली बहीण अक्का, दाजी, मी, बायको आणि माझा एक जुना मित्र. सहावा अक्काचा मुलगा, जो जर्मनीत नोकरी करतो. जुलैत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, तो ग्रीसमध्ये शिडाची बोट भाड्यानं घेणार होता. आठ दिवस बेटांमधून फिरायचं, राहायचं बोटीवरच. बोट चालवणारा माणूस बोटीसोबत मिळणार होता.

मी लातूरला एका वृत्तपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढली, त्यामुळे कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. कुणी विचारलं नाही, मीही नाही म्हटलं नाही. रोज सकाळी फोन उघडला की ग्रुपवर प्रश्न असत. बोटीत चहा करता येतो का. उलट्या झाल्या तर काय. लोणचं विमानात नेऊ देतात का. मी उत्तर लिहीत असे आणि दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा येई.

मला समुद्राची हौस नव्हती. दाजींनाही नव्हती. बायकोनं स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘अक्कांसाठी चाललेय.’’ खुद्द अक्कालाही बोटीचं काही नव्हतं. मुलगा चार वर्षं घरी आला नव्हता. बोटीवरून आठ दिवस तो कुठं उठून जाऊ शकणार नाही, तेवढंच तिला हवं होतं. ‘ये’ असं तिनं त्याला एकदाही म्हटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये भाच्यानं बोटीचा नकाशा पाठवला. अक्कानं तो छापून आणला, पण तिला अंदाज येईना. मित्राचं नांदेडात फर्निचरचं दुकान आहे आणि अक्काचं घर तिथून जवळ. तो तिला आपा म्हणतो. म्हणाला, ‘‘आपा, कागदावर काय समजतंय? गच्चीवर आखून देतो.’’

मी आणि बायको आदल्या दिवशीच लातूरहून येऊन राहिलो होतो. रविवारी सकाळी साडेसहाला सगळे वर जमलो, कारण आठनंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. मित्रानं टेप, खडू, सुतळी आणि दुकानातली लाकडी शिडी आणली होती. बोट चाळीस फूट लांब होती, गच्ची तेवढी नव्हती. बोटीचं टोक पाण्याच्या टाकीखाली गेलं. मागं दोन खोल्या, पुढं एक, मधे टेबल, शेगडी आणि संडास, असं सगळं तासाभरात आखून झालं.

मित्र मागच्या खोलीत आडवा झाला. ‘‘संपादक, ही खोली हाय का कबर? मापानं तर कबरच हाय.’’ मी संपादक कधीच नव्हतो, तो तसंच म्हणतो.

‘‘मी वर उघड्यावर झोपतो,’’ दाजी म्हणाले.

‘‘लोक बघतील ना,’’ माझी बायको म्हणाली.

‘‘कोन लोक? मासे?’’ दाजींनी विचारलं.

अक्काही हसली. मग मित्रानं टाकीच्या ओट्याला शिडी टेकवली. बोटीत खाली उतरायला पाच पायऱ्यांची उभी शिडी होती आणि नकाशातल्या चित्रात दिसत होती तेवढीच उभी त्यानं ती लावली. ‘‘आपा, हे रोज धा-वीस येळा करावं लागंल. बघा जरा.’’

अक्कानं पदर खोचला. दोन पायऱ्या चढली. तिसऱ्या पायरीला डावा गुडघा वर येईना. ती दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली. मित्रानं तिच्या पाठीमागं हात धरला, पण तिला लावला नाही. ती तशीच उलटी खाली आली आणि खडूच्या पलंगावर बसली. तिथूनही तिला मी आणि मित्रानं धरून उठवलं.

‘‘त्याला सांगू नको,’’ ती मला म्हणाली. ‘‘तिथली शिडी एवढी उभी नसंल.’’

‘‘तेवढीच आहे, अक्का. चित्र मापाचं आहे.’’

‘‘तुला कुणी विचारलं?’’

थोड्या वेळानं तिनंच माझा फोन मागितला, मग परत दिला आणि सांगितलं तसं लिहायला लावलं. ‘होडी नको. तुझ्या घरी येते.’

पाच मिनिटांत भाच्याचा फोन आला. मी स्पीकर लावला.

‘‘आई, घरी नाही जमणार.’’

‘‘का? कुणी हाय का तिथं?’’

दाजी टाकीकडं बघू लागले.

‘‘कुणी नाही गं. एकच खोली आहे. स्वयंपाक तिथंच, झोपणं तिथंच. पाच माणसांना कुठं ठेवू? म्हणून तर बोट घेत होतो.’’

‘‘चार वर्षं एका खोलीत?’’

‘‘इथं घरं मिळत नाहीत, आई.’’

त्याचा पत्ता मी पाच अर्जांवर लिहिला होता. तिथं काय आहे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मित्र हळू आवाजात म्हणाला, ‘‘आपा, आम्ही न्हाई येत. तुम्ही एकट्या जा.’’

‘‘मी बी न्हाई,’’ दाजी म्हणाले. ‘‘घराकडं कोन बघंल?’’

माझ्या बायकोनं बोटीच्या बाहेर येऊन चपला घातल्या. मी यादीतली चार नावं खोडली. मार्चपासूनच्या कामाला चार रेघा पुरल्या.

‘‘मजला कितवा?’’ मी भाच्याला विचारलं.

‘‘तिसरा. लिफ्ट आहे, मामा. मी विमानतळावर घ्यायला येतो.’’

अक्कानं माझ्या हातातला फोन घेतला.

‘‘पलंग किती हायत?’’

‘‘एकच आहे.’’

‘‘मग तू खाली झोप,’’ ती म्हणाली.