बेकरीवाल्याचा थोरला भाऊ

आमच्या नर्सबाई निवृत्त झाल्या आणि घर त्यांना खायला उठलं. नवरा आधीच गेलेला, मुलगी परगावी. त्या बसथांब्यावर जाऊन बसायच्या. समोर युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड. लोक त्यावर पिशव्या टेकवायचे, पत्ता सांगताना खूण म्हणून वापरायचे. एकदा बाईंनी सगळी नावं वाचली आणि त्यांना चुटपुट लागली. निम्म्या गावाची बाळंतपणं आपण केली, पण यातला एकही माणूस आपल्याला ठाऊक नाही!

मग त्या घरोघर जाऊ लागल्या. कुठे लढला, हे विचारायच्या नाहीत; कसा होता, एवढंच. कुणी चहा पाजला. कुणी म्हणालं, "बाई, इंजेक्शनं संपली म्हणून आता हे टोचताय का?"

बेकरीवाल्याकडे त्या शेवटी गेल्या, कारण प्रकरण नाजूक होतं. त्याचा थोरला भाऊ लढाईत गेला आणि वडीलधाऱ्यांनी भावाच्या तरुण बायकोचं लग्न याच्याशी लावून दिलं. आता दोघंही म्हातारे. घरात थोरल्याचं नाव कुणी काढत नसे.

बाईंनी विचारलं तशी आजींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो पीठ मळत होता. मान वर न करता म्हणाला, "सांग की. मी काय परका आहे?"

"शीळ वाजवता यायची नाही त्यांना," आजी म्हणाल्या. "नुसती हवा निघायची. मी हसले की आणखी जोर लावायचे." मग दाराकडे बघत म्हणाल्या, "निघाले त्या सकाळी आमचं भांडण झालेलं. मी दारातसुद्धा आले नाही."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "मी पोचवायला गेलो होतो. दादा कोपऱ्यावर थांबून राहिला. म्हणाला, येईल ती. शेवटी मीच त्याला ओढत नेलं."

"आणि एवढी वर्षं गप्प बसलास?" या लग्नाआधी धाकट्या दिराला म्हणायच्या तसं आजींच्या तोंडून 'तू' निघून गेलं.

"आधी तू रडशील म्हणून. नंतर... मनानं त्याच्याकडेच राहशील म्हणून."

आजी उठून आत गेल्या.

पुढे कितीतरी दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत, असं बाईंच्या कानावर आलं. बऱ्या झालेल्या जखमेचा टाका आपणच उसवला, या विचारानं बाईंना अन्न गोड लागेना. माफी मागायला गेल्या, तर म्हातारा एकटाच गल्ल्यावर.

"माफी कसली?" तो म्हणाला. "बोलायला लागलीय आता. दादाचंच बोलते, रडते. मी जवळ बसतो. माझा भाऊ गेला, तेव्हा मला तरी कुणी रडू दिलं होतं? लगेच नवरदेव केलं."

आणि तो रडू लागला. बाई गल्ल्यामागे जाऊन त्याच्या शेजारी बसल्या. गिऱ्हाईक आलं, तेव्हा पाव त्यांनीच बांधून दिले.