फटकेआत्या

मूल पडलं की बाकीच्या बायका आधी मुलाला उचलतात. फटकेआत्या आधी जमिनीला मारायच्या. तेही उगाच दाखवायला नाही. हात वर नेऊन, दातओठ खाऊन फरशीला असे सणसणीत फटके द्यायच्या की रडणारं मूल रडायचं विसरून फरशीकडे बघत राहायचं. उंबरा, कपाटाचं दार, गरम कढई, सगळ्यांनी त्यांचा मार खाल्लेला होता. एकदा वसईच्या स्टँडवर माझी मुलगी ओवी खांबाला धडकली, तेव्हा त्यांनी पायातली चप्पल काढून खांबाला हाणली आणि रांगेतले लोक दोन पावलं मागे सरकले. ओवीच्या कपाळाला टीपॉयचा कोपरा लागला, तेव्हा तर फटक्यांवर भागलं नाही. गावाहून कानस आणून त्यांनी टीपॉयचे चारही कोपरे घासून गोल केले. त्या टीपॉयवर आता पेलासुद्धा काठाला ठेवता येत नाही.

त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. लग्न करून नंदाखाळला गेलेल्या, नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी परत आलेल्या. खाडीकडेच्या त्या भातशेतीवाल्या घरात पुढे माझ्या सासूबाईही अकाली गेल्या आणि माझे दीर व माझा नवरा अशी दोन लहान पोरं आत्यांच्या पदरात पडली. त्यांना वाढवून झालं, तोवर ओवी आली. आम्ही दोघंही मुंबईला नोकरी करणारे, म्हणून आत्या आमच्या गोखिवऱ्याच्या फ्लॅटवर राहायला आल्या. येताना त्यांनी दोन लुगडी, एक विळी आणि आपला स्वभाव एवढंच सामान आणलं होतं.

मी साताऱ्याकडची, आणि मुलं कशी वाढवावीत यावर भरपूर वाचलेली. फरशीला मारण्यावरून माझं त्यांच्याशी सुरुवातीलाच वाजलं. मी म्हटलं, असं केल्यानं मुलांना स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलायची सवय लागते, पडली तर ऊठ म्हणायचं आणि पुढे जायचं. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लागलं तर कोनाची तरी चूक पायजे ना गो," त्या म्हणाल्या. "नायतर पोराला वाटतं, आपलीच."



माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच खाक्या होता. पोरांना कुणी दुखावलं की आत्या डूख धरायच्या आणि संधीची वाट बघायच्या. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांचा चेंडू जप्त करायचे. गृहस्थ कडक शाकाहारी, आणि सकाळी दार उघडं ठेवून पूजा करणारे. आत्यांनी त्यांच्या पूजेच्या वेळेला आमचं दार उघडं ठेवून सुके बोंबील भाजायला सुरुवात केली. रोज. आम्हाला बोंबील नकोसे झाले, पण आत्या हटल्या नाहीत. शेवटी सेक्रेटरी स्वतः चेंडू घेऊन आले आणि संध्याकाळी मुलांनी खेळायला त्यांची हरकत नाही असं सांगून गेले. मी आत्यांना म्हटलं, आता तरी माफ करा त्यांना. तर म्हणाल्या, "माफ करायचं काम देवाचं. त्याला दुसरं काय काम हाय?"

मला त्या आवडायला लागल्या, ते त्या दिवसापासून. माझ्या माहेरी मला खुनशी म्हणत. कोण काय बोललं, कोणत्या लग्नात, कोणती साडी नेसून, सगळं माझ्या लक्षात राहतं. सासरी मला पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या जातकुळीचं भेटलं होतं.

ओवी तीन वर्षांची व्हायला आली तरी बोलत नव्हती. ऐकायची सगळं, समजायचंही सगळं, पण तोंडातून शब्द नाही. आम्ही डॉक्टर केले, मग वसईत वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे नेऊ लागलो. मला रात्र रात्र झोप लागायची नाही. आत्यांना मात्र काही अडत नव्हतं. त्या ओवीशी दोघींच्या वाटणीचं बोलायच्या. "भात खाशील? खाते म्हनतेस? वरन घालू? घाला म्हनतेस?" असं चालायचं, आणि ओवी मान हलवून त्यांना दुजोरा द्यायची. वाचा शिकवणाऱ्या बाई मला नंतर म्हणाल्या की घरात तिच्याशी इतकं बोलणारं कुणीतरी आहे हे फार बरं आहे.

त्या वर्षी गणपतीला आम्ही सगळे गावच्या घरी जमलो होतो. माझ्या मोठ्या जाऊबाई दादरच्या, चांगल्या शिकलेल्या, वसईला पश्चिमेला मोठ्या टॉवरमध्ये राहणाऱ्या. बोलणं गोड. आरती झाल्यावर प्रसाद वाटताना ओवीनं हात पुढे केला, तेव्हा भरल्या घरात त्या म्हणाल्या, "अगं बाई, मुकीला विसरलेच." आणि मग आलेल्या पाहुण्यांना समजावून सांगितलं की आमच्याकडे असं कुणीच नव्हतं, हे साताऱ्याकडून आलेलं असणार. दोन-चार जण हसले. माझा नवरा निरांजनाकडे बघत राहिला. माझ्या हातात पंचपाळं होतं, ते त्यांच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं, आणि हे मी आज वाढवून सांगत नाही. आत्या कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली, जाऊबाईंकडे नीट बघितलं आणि पुन्हा वाती वळायला लागल्या. परतीच्या रिक्षात मी रडले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिला कितवा म्हैना?"

जाऊबाईंना तेव्हा दिवस गेलेले होते.

मुलगा झाला. बारसं वसईला एका हॉलमध्ये, एसी, फुलांचा पाळणा, दादरचे पाहुणे, व्हिडिओवाला. दिरांना बहीण नाही, म्हणून कानात नाव सांगायचा मान आत्यांचा. त्या नवं लुगडं नेसून पाळण्याशी बसल्या. बायकांनी पाळणा म्हटला, बाळाला पाळण्याखालून, वरून फिरवून झालं, जाऊबाईंनी हौसेनं शोधलेलं रेयांश हे नाव आत्यांकडून घोकून घेतलं. आत्या बाळाच्या कानाशी वाकल्या. सगळ्या जणी त्यांच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलून तयार. आणि आत्या पुन्हा सरळ बसल्या.

"आधी एक काम हाय," त्या म्हणाल्या.

ओवी समोरच एका खुर्चीखाली बसून घुगऱ्या खात होती. आत्यांनी तिच्याकडे बोट केलं.

"गनपतीला हिला मुकी म्हनलीस. आता सगळ्यांसमोर तिला नावानं हाक मार. मग तुझ्या पोराचं नाव घेते."

दीर पुढे येऊन म्हणाले, आत्या, हे आपण नंतर बघू. आत्या म्हणाल्या की बघू की, त्यांना कुठं घाई आहे, पोर तोवर बिननावाचं राहील. जाऊबाईंच्या आईनं मुलीकडे बघितलं, मुलीनं नवऱ्याकडे बघितलं, आणि नवऱ्यानं, तो आत्यांनी वाढवलेला असल्यामुळे, छताकडे बघितलं. पाळण्याची दोरी आत्यांच्या हातात होती. जाऊबाई पुटपुटल्यासारखं "ओवी" म्हणाल्या. आत्यांना ऐकू आलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. आत्यांना तरीही ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा त्या स्पष्ट आणि मोठ्यानं म्हणाल्या. ओवीनं वळून बघितलं, आणि आपलं काही काम नाही असं दिसल्यावर पुन्हा घुगऱ्या खायला लागली.

त्यानंतर नाव ठेवलं गेलं. धपाटे घालायची वेळ आली तेव्हा जाऊबाईंनी बाळंतपणाची सगळी ताकद गोळा करून आत्यांच्या पाठीत जो धपाटा घातला, त्याचा आवाज व्हिडिओत आहे. आत्या हसत होत्या. घरी आल्यावर मी त्यांच्या पाठीला तेल चोळलं. इतक्या आनंदानं मी कुणाची सेवा केलेली नाही.

पण उट्टं फुकट निघत नाही. जाऊबाईंनी बाळाला आत्यांकडे आणणं बंद केलं. विचारलं तर सांगायच्या की तिथं राहून तो गावंढळ बोलायला शिकेल, मग शाळेत अडेल. आत्या याबद्दल चकार शब्द बोलत नसत. फक्त माझा नवरा भावाकडे जाऊन आला की जेवण वाढताना विचारायच्या, दात आले का, चालायला लागला का, पडतो का फार. पडतो म्हटलं की त्यांचा हात थांबायचा. त्या घरातल्या फरशीला मारायला कुणी नव्हतं.

ओवी साडेचार वर्षांची असताना बोलायला लागली आणि आजतागायत थांबलेली नाही. त्याच सुमारास एक दिवस दीर आमच्याकडे आले. पोराला सांभाळणारी बाई सोडून गेली होती, दुसऱ्या दोघी टिकल्या नव्हत्या, जाऊबाईंची नोकरी धोक्यात आली होती. आत्यांनी दिवसा येऊन बसावं, असं म्हणताना त्यांची मान खाली होती. ही संधी मी किती दिवस मनात घोळवत होते. मी म्हटलं, भाऊजी, गावंढळ बाईच्या हातात पोर कसं देणार तुम्ही? तो बिघडेल ना. आणखीही बरंच म्हणायचं होतं, पण आतून आत्या हात पुसत बाहेर आल्या.

"उद्यापासून येते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वैर तिच्याशी हाय. पोरानं काय केलंय?"

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. त्यावर त्या हळूच पुढे म्हणाल्या, "तिच्या हातचं पानीसुद्धा पिनार नाय मी. डबा देशील ना?"

डबा देशील ना म्हणे. दुसऱ्या दिवसापासून मी जसा डबा भरायला लागले तसा माझ्या नवऱ्याला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातही मिळाला नसेल. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण, वालाचं बिरडं, सोलकढीची वेगळी बाटली. जाऊबाईंच्या घरात तो उघडला जाणार, वास सगळीकडे जाणार, या कल्पनेनंच माझा हात सैल सुटायचा. पिण्याचं पाणीही आत्या इथूनच न्यायच्या. भरलेली स्टीलची बाटली पिशवीत घालून रिक्षानं रेल्वेच्या पुलापलीकडे, पश्चिमेला जायच्या, दिवसभर पोराला सांभाळायच्या, आणि जाऊबाईंशी थेट एक शब्द बोलायच्या नाहीत. निरोप पोरामार्फत. "बाळ्या, आईला सांग दूध नासलंय." रेयांश हे नाव त्यांनी कानात एकदा सांगितलं होतं, तेवढंच.

जाऊबाईंनी प्रयत्न केले, ते नाकारत नाही. सुरुवातीला टेबलावर झाकून पोहे ठेवायच्या, मग खोबऱ्याच्या वड्या, आंब्याच्या दिवसांत कापलेला हापूस. आत्यांना हापूस किती आवडायचा ते मला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी त्या आल्या की मी चहा टाकायचे आणि विचारायचे, आज काय ठेवलं होतं? त्या सांगायच्या, आणि आम्ही दोघी चहा पिताना अगदी तृप्त व्हायचो. माझा नवरा म्हणायचा, आता पुरे करा, दोन वर्षं होत आली. आम्ही त्याला बिस्किटं द्यायचो.

एका एप्रिलमध्ये, भर दुपारी, आत्या तिथंच गेल्या. जाऊबाई त्या दिवशी घरून काम करत होत्या. पोराला झोपवता झोपवता आत्यांना घाम फुटला, छातीत कळ आली, त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. सकाळी मी त्यांना नेहमीपेक्षा घाईत डबा दिला होता, एवढंच मला आठवत राहिलं.

गावच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. ओसरीवर बायका बसल्या होत्या, आणि मधोमध जाऊबाई. आलेल्या प्रत्येकीला त्या डोळे पुसत सांगत होत्या, "शेवटी माझ्या हातचं पाणी पिऊन गेल्या हो. मनातलं सगळं काढून टाकलं त्यांनी." बायका माना डोलवत होत्या. एक म्हातारी म्हणाली, बरं झालं, गाठ सुटली, मोकळी होऊन गेली बाई. मला तिथं आत्या गेल्याचं दुःख करायचं होतं. पण प्रत्येक वेळी ते वाक्य ऐकलं की माझं पित्त खवळायचं. आत्यांनी इतका जपलेला राग ही बाई सगळ्यांसमोर आपल्या खिशात घालत होती, आणि मला बोलता येत नव्हतं, कारण मी तिथं नव्हते. खरंच प्यायल्या असतील, असंही मनात येऊन गेलं. त्या विचारानं तर मी आणखीच जळत होते.

तेवढ्यात बाळ्या येऊन माझ्या मांडीवर बसला. साडेतीन वर्षांचा, हातात त्याची ती निळी, नळीची बाटली. आईचं बोलणं तोही ऐकत होता. त्यानं माझी हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"काकी, आईनं नाय. आई देत व्हती तर आजीनं असं केलं," आणि त्यानं ओठ घट्ट मिटून मान फिरवून दाखवली. "मग मी माझ्या बाटलीतलं पानी दिलं. मग पिली."

मी त्याचा मुका घेतला. माझं डोकं अगदी ताळ्यावर होतं. मी त्याला मांडीवरून उतरवून सगळ्यांच्या मधोमध उभं केलं आणि म्हटलं, हे मोठ्यानं सांग बरं. त्यानं सांगितलं, मान फिरवून दाखवण्यासकट. जाऊबाई पदराच्या टोकाकडे बघायला लागल्या.

ओसरीच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्यांना नीट ऐकू आलं नसेल, म्हणून मी त्याला परत एकदा सांगायला लावलं.