गजभिये सरांनी दात पाडायला शिकवले

गजभिये सरांनी माझ्या पाठीत पहिला कीबोर्ड घातला, तो नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. कीबोर्डची बटणं फरशीवर चुरमुऱ्यांसारखी उडाली. सर शांतपणे म्हणाले, "उचल. अना सांग, हा कोड तू काऊन लिहिला?"

मी अभिमानाने सांगितलं, "सर, पूर्ण माझ्या डोक्यातून लिहिला."

"मंग डोक्यावरच माराले पाह्यजे होतं, चुकून पाठीत बसला."

गोंदियाच्या बाजारात एका कापडदुकानाच्या वर सरांचं ऑफिस होतं. साल दोन हजार पाचच्या आसपासचं. राइस मिलवाले, शाळावाले, ज्यांना ज्यांना 'इंटरनेटवर नाव पाहिजे' असं वाटे, ते आमचा जिना चढत. सर अंगानं पैलवान आणि तोंडानं त्याहून पैलवान. रागावले की हाताला येईल ते फेकत. आम्ही चहासुद्धा कपात न देता स्टीलच्या ग्लासात देत असू. पण जगात कोणीतरी आधीच लिहून, तपासून ठेवलेली तयार मॉड्यूल्स, म्हणजे कोडचे आयते तुकडे, ते देवाच्या प्रसादासारखी वापरत. म्हणत, "हे लोकायनं मार खाऊन खाऊन बनवलं हाय. त्यायचा मार खाऊन झाला. तू कायले नव्यानं खातं?"

वेबसाइटवरच्या खोक्यांत लोक जे टाइप करतात ते आधी तपासायचं आणि मगच पानावर दाखवायचं, एवढा साधा धडा. सर तो असा शिकवत: "फोनच्या खोक्यात फोन नंबरच आला का, हे दारातच गचांडी धरून इचाराचं. अना आत घेतलं त पानावर सोडाच्या आधी त्याचे दात पाडाचे. कोड म्हणून आला असन, त अक्षर म्हणूनच पडून राह्यला पाह्यजे. चावला नाई पाह्यजे." हे दात पाडण्याचं काम एक तयार मॉड्यूल करत असे. त्याला नुसती हाक मारायची होती.

ती हाक मी मारली नाही. लग्न जुळवण्याची एक वेबसाइट माझ्याकडे आली आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी स्वतःचीच गाळणी बनवली. हिंदी, मराठी आणि पोवारी शिव्या मोठ्या प्रेमाने गोळा केल्या. त्यासाठी बसस्टँडवर मुद्दाम उभा राहिलो. एकही शिवी आत येणार नाही, अशी तटबंदी उभारली आणि सरांना सांगितलं, "मॉड्यूल लावलं, सर."

एका पोराला मुर्री गावच्या वर्षाने लग्नाला नकार दिला होता. त्याने आमच्या साइटवर स्वतःची नोंद केली आणि 'अपेक्षा' या खोक्यात शिवी नाही, कोड लिहिला. माझी गाळणी शिवी शोधत बसली आणि कोड ऐटीत आत जाऊन पानावर चालू झाला. आता स्थळांची यादी जो उघडेल त्याला आधी वर्षाचा फोटो दिसे आणि फोटोवर लाल अक्षरांत जे दिसे, ते मी इथे लिहू शकत नाही. तिचं लग्न सालेकशाला ठरलं होतं. तिथल्या मंडळींनी ते पाहिलं.

भर दुपारी वर्षाचे दोघे भाऊ बांबू घेऊन जिना चढले. काचेचा दरवाजा गेला, पंखा गेला, प्रिंटरचा चुरा झाला. मोठा भाऊ देवा ओरडला, "कोनं बनवलं हे? इथंच गाडतो त्याले!"

मी टेबलाखाली होतो. तिथून मला फक्त पाय दिसत होते. त्यातले सरांचे पाय पुढे झाले.

"मी बनवलं. बोर्ड माह्या नावाचा हाय."

बांबू बसला. सरांनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला होता. बोटांची हाडं मोडताना वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज होतो, हे मला तेव्हा कळलं. रक्त टेबलावरून ठिबकत खाली माझ्या गुडघ्यावर पडलं.

"अना टाकलं कोनं?" देवाने विचारलं.

इथे मी माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम माती खाल्ली. जीव वाचवायला टेबलाखालून निघालो आणि त्या पोराची नोंद स्क्रीनवर उघडली. फोटो, गाव, बापाचं नाव, सगळं. "हा पाहा—" असं म्हणून मी मॉनिटर वळवणार, तोच सरांनी डाव्या हाताने तो टेबलावरून ढकलून दिला. मोठा धडाका झाला. काचा माझ्या पायात शिरल्या.

"नाव सांग, मास्तर."

"नाई सांगत. माह्या पोट्ट्यानं दार उघडं ठेवलं, ते माह्या अंगावर काढ. पन टाकनाऱ्याले तू जित्ता ठेवनार नाईस."

दुसरा बांबू खांद्यावर बसला. सर गुडघ्यावर आले. देवाने तिसऱ्यांदा बांबू उगारला, तेवढ्यात दारातून आवाज आला, "दादा! मी तुले माराले पाठवलं होतं का?"

वर्षा सायकलवरून भावांच्या मागे आली होती, घामाने निथळत. तिने बांबूचं टोक धरलं. "इथं एक मुडदा पाडला त माहं नाव साफ होईन का? पह्यले ते पान बंद करा!"

सर तशाच अवस्थेत माझ्याकडे वळले. "बस खुर्चीवर. त्या लेकाची नोंद उडव. अना आता लाव मॉड्यूल."

उरलेल्या एका कॉम्प्युटरवर मी बसलो. मागे बांबू, बाजूला रक्ताळलेले सर. माझी गाळणी उडवली आणि त्या जागी तयार मॉड्यूलची एक ओळ लिहिली. एका ओळीचं काम होतं.

"आता तूच टाकून पाह्य, बाई," सर म्हणाले. नोंद उडवताना मी बाजूला ठेवलेला त्या पोराचाच कोड वर्षाने पुन्हा खोक्यात टाकला, बटण दाबलं. पान उघडलं. ना फोटो, ना लाल अक्षरं. सगळा कोड पानावर नुसता अक्षरांसारखा पडून होता. देवाने बांबू खाली ठेवला. वर्षाने एकदा ते सगळं वाचलं आणि स्क्रीनवर थुंकली.

सालेकशाची सोयरीक मोडली ती मोडलीच. सर प्लास्टर घातलेला हात घेऊन देवासोबत तिथल्या मंडळींना समजवायला गेले आणि नवऱ्या मुलाच्या बापाच्या अंगावर प्लास्टरच उगारून परत आले. देवानेच त्यांना आवरलं म्हणे. पुढे वर्षा आमच्याकडे शिकायला आली. तिने माझी खुर्ची घेतली आणि सरांनी ती आनंदाने दिली. सरांची दोन बोटं शेवटपर्यंत वाकडीच राहिली.

काही वर्षांनी सर हृदयाच्या झटक्याने गेले. स्मशानात पांढऱ्या कपड्यातली मंडळी बुद्धवंदना म्हणत होती. वर्षा सरांच्या बायकोला धरून घरी थांबली होती. देवाने पहिला खांदा दिला होता. चिता पेटल्यावर तो माझ्याजवळ आला, माझी मान पकडली आणि कानाशी म्हणाला, "आता त मास्तर गेला. तुले मालूम हाय. त्या पोट्ट्याचं नाव सांग."

मला नाव आठवत होतं. बापाचं आणि गावाचंही.

"नाई सांगत," मी म्हणालो.

देवाने माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी बाजूला उरलेल्या लाकडांच्या ढिगावर जाऊन पडलो. मग तोही माझ्याशेजारी बसला आणि ढसाढसा रडायला लागला.