टेपवरची वजनं
परवा कपाट आवरताना बॅकअपची एक जुनी टेप हाती लागली आणि तिच्या प्लास्टिकच्या वासाबरोबर मलकापूरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातलं आमचं ऑफिस आठवलं. कापसाची बारीक धूळ कीबोर्डवरही बसलेली असे. कॉम्प्युटर तीन, आणि तिन्हींच्या तऱ्हा निराळ्या. वजनकाट्यावरच्या जुन्या मशीनमध्ये प्रत्येक शेतकऱ्याच्या कापसाचं वजन होतं. ते पुसलं गेलं असतं, तर गावोगावी भांडणं लागली असती. म्हणून सगळ्याची टेपवर नक्कल ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही शोधत होतो. नागपूरहून एक विक्रेता आला. त्यानं नक्कल करून दाखवली, पडद्यावर 'यशस्वी' असं उमटलं आणि तो हसला, पण आमच्या मॅनेजरबाई हसल्या नाहीत. "तसं लिहाले काय जाते? मी एक फाइल पुसते, तुमी वापस आणून दाखवा." फाइल आली, नाव तेच, आत काहीच नाही. दुसऱ्या एकाच्या सॉफ्टवेअरनं तिन्ही मशीनच्या फायली धड परत आणल्या, तेव्हा कुठे बाईंनी ते घेतलं. ऐन हंगामात विजेच्या झटक्यानं काट्याचं मशीन जळालं. टेपवरून सगळी वजनं नव्या मशीनवर आली, तरी बाईंचा संशय जाईना. बाहेर गाडी घेऊन उभ्या असलेल्या रोहिणखेडच्या एका शेतकऱ्याला त्यांनी आत बोलावलं. "काका, मागच्या खेपेले तुमचा कापूस किती भरला होता?" त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "काऊन? कमी करून राह्यले काय? आधी तुमी सांगा." बाईंनी पडद्यावरचा आकडा वाचला. त्यानं पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाव, बरोबर हाय." त्याला आकडा खरंच आठवत होता, की आम्ही वाचला म्हणून तो हो म्हणाला, हे एवढ्या वर्षांनंतरही मला कळलेलं नाही.