सईच्या औषधाचं माप

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पण तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

माझी सई तेव्हा चार वर्षांची. कोपरांत आणि गुडघ्यांच्या मागे तिला इसब होता. खाजवून खाजवून रक्त काढायची. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, आणि खाजेवरचं एक पातळ औषध. "यानं गुंगी येते. दुपारी एकच माप, वर थेंबसुद्धा नको," असं बजावलं होतं.

हरिहरेश्वरला आमची घरगुती खानावळ. सई दिवसा शेजारच्या शेवंताकाकूंकडे असायची. दुपारचं माप त्याच द्यायच्या. त्या दिवशी पंचवीस पाहुणे जेवायला. सई मध्येच पळत आली — रडत, खाजवत. पाहुण्यांसमोर ते रक्ताळलेले हात... मला लाज वाटली. हो, लाजच. औषधाची बाटली त्या दिवशी घरीच राहिली होती. मी तिला दोन मापं पाजली आणि बाटलीसकट काकूंकडे धाडलं. काकूंना काही सांगितलं नाही. त्यांनी त्यांचं रोजचं माप दिलं.

पंगत उठल्यावर गेले, तर सई उठेना. हलवली, तोंडावर पाणी मारलं — मान नुसती कलंडायची. काकूही सोबत निघाल्या. रिक्षात मी सईच्या नाकाशी बोट धरून बसले. श्वास आहे ना? आहे ना?

डॉक्टरांनी विचारलं, "किती दिलं? कोणी दिलं?"

तीन मापं. एवढंच म्हणायचं होतं — उपचारासाठी त्यांना तेच कळायला हवं होतं. आणि मी म्हणाले, "मी कामात होते. औषध काकू देतात."

काकूंच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "माझंच चुकलं असंल," त्या म्हणाल्या. "डोल्यांना नीट दिसत न्हाय आता."

पोर जाईल यापेक्षा आपण पकडले जाऊ, याची भीती मोठी होती का? होती. संध्याकाळपर्यंत तिच्या खालीवर होणाऱ्या छातीकडे बघत बसले — तोंड उघडलं नाही.

सई शुद्धीवर आली. आता सातवीत आहे. काकूंनी मात्र पुन्हा कुणाचं मूल सांभाळलं नाही. गेल्या महिन्यात त्यांची नात आपलं तान्हं बाळ घेऊन आली, त्यांच्या मांडीवर ठेवायला वाकली. काकूंनी हात मागे घेतले.

"नको गो. माझ्या हातून एकदा पोर जात व्हती."

मी शेजारीच उभी होते. बाळ मी घेतलं.